काठी, लाइन आणि फ्लाय: कृष्णा-कोयनाकाठच्या वाचकांचे प्रश्न

फ्लाय फिशिंगबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांना इथे उत्तरे देत आहोत.

लहानपणापासून काठी-गळ आणि कणकेच्या गोळीने मासे धरतो. फ्लाय फिशिंगमध्ये नेमके वेगळे काय? आपल्याकडे ट्राउट नाही, मग एवढा खर्च कशासाठी? — एक वाचक, कोरेगाव

फरक वजनाचा आहे. साध्या गळाला शिसे किंवा आमिष जड असते. ते फेकले की तंगूस त्याच्या मागे ओढला जातो. फ्लाय म्हणजे हुकावर पीस, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेला किडा. तो हाताने फेकला तर चार हातही जाणार नाही. म्हणून इथे वजन लाइनमध्ये भरलेले असते. काठी लाइन फेकते आणि फ्लाय तिच्या टोकाला बांधलेली म्हणून सोबत जाते. एवढे लक्षात आले की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप समजतात.

ट्राउट आपल्याकडे नाही आणि टिकणारही नाही. पाणी वीस अंशांच्या वर गेले की तो मासा हैराण होतो. काश्मीर, हिमाचल, निलगिरी आणि मुन्नारसारख्या ठिकाणच्या थंड पाण्यातच त्याचे जमते. पण फ्लाय केवळ ट्राउटसाठी असते हा समज सोडून द्या. कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी आणि वारणा या नद्यांत किडे किंवा लहान मासे खाणारा जवळपास प्रत्येक मासा फ्लाय घेतो. दांडवणासारखे बोटभर मासे आणि चिलापी बारीक फ्लाय घेतात. मरळ मोठी फ्लाय घेते. जिथे महसीर उरला आहे तिथे तोही घेतो. दख्खनच्या महसीराची शास्त्रीय नोंद साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केली. म्हणजे हा आपल्याच खोऱ्यांतला मासा आहे. रोहू आणि मृगळ फ्लायला क्वचितच लागतात. त्यांच्यासाठी तुमची कणकेची गोळीच बरी.

दुकानदार पाच नंबरची काठी सांगतो, ओळखीचे लोक आठ नंबरची. कोणती घ्यावी? लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला, टोकाकडे बारीक होत जाणारा तंगूस) आपल्याकडे सहज मिळत नाही, त्याला पर्याय आहे का? — कराड

नंबर काठीच्या लांबीचा नसतो, लाइनच्या वजनाचा असतो. पाच नंबरच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम असते. आठ नंबरच्या लाइनचे २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. पाच नंबरच्या काठीवर आठची लाइन चढवली तर काठी लोळागोळा होते. उलट केले तर काठी वाकतच नाही आणि लाइन पुढे जात नाही. काठी, लाइन आणि रीळ तिन्हींवर एकच नंबर असू द्या.

चिलापी, लहान महसीर आणि नदीतल्या बारीक माशांसाठी नऊ फुटी पाच नंबरची काठी पुरते. शिकायलाही तीच बरी, कारण हात दुखत नाही. मरळ किंवा मोठ्या महसीराच्या मागे जायचे असेल तरच आठ नंबर घ्या. लाइन 'वेट फॉरवर्ड फ्लोटिंग' घ्या. पुढे जड आणि तरंगणारी अशी ही लाइन असते. पैसे वाचवायचे असतील तर रिळात वाचवा, लाइनमध्ये नको. स्वस्त लाइन खरखरीत होते आणि काठीच्या कड्यांतून सरकत नाही. रिळावर आधी ५०-१०० मीटर डॅक्रॉनचा दोरा गुंडाळा आणि मग लाइन जोडा.

लीडर घरी बनवता येतो. साधा नायलॉन तंगूस वेगवेगळ्या जाडीचा आणा. लाइनकडून सुरुवात करून ०.४५ मिमीचा १२० सेंमी, ०.३८ चा ५०, ०.३० चा ४०, ०.२५ चा २० आणि शेवटी ०.२० चा ५० सेंमी तुकडा जोडा. हे सगळे मिळून २८० सेंमी होतात, म्हणजे काठीच्या लांबीइतकेच. जोडताना दोन्ही टोके एकावर एक ठेवून एकत्रच दोनदा फेरा घालून ओढायची (सर्जन्स नॉट) ही गाठ सगळ्यात सोपी. ओढण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करा. कोरडा नायलॉन घर्षणाने तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मासा तुटून गेल्याच्या तक्रारींत बहुतेक वेळा हेच कारण निघते. जाडीत एकदम मोठी उडी घेतली, समजा ०.४५ ला थेट ०.२० जोडले, तर लाइनचा जोर त्या गाठीपाशी संपतो आणि फ्लाय गोळा होऊन पडते.

काठी फिरवली की मागे चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. कधी लाइन मागच्या गवतात अडकते. लीडरला आपोआप गाठी पडतात. कुठे चुकते? — इस्लामपूर

तुमच्या पत्रात तीन वेगळ्या चुका आहेत आणि तिन्ही एकमेकींत मिसळतात, म्हणून एकेक घेऊ.

डोक्याच्या वर घड्याळाची तबकडी आहे असे समजा. काठी समोर दहावर आणि मागे एक-दोनच्या मध्ये थांबली पाहिजे. इथे 'थांबली' हा शब्द महत्त्वाचा आहे. काठी झटक्यात थांबते तेव्हाच वाकलेली काठी सरळ होते आणि लाइनला फेकते. हळूहळू थांबवली तर जोर हवेतच विरतो.

चाबकाचा आवाज म्हणजे घाई. लाइन मागे पूर्ण सरळ होण्याआधीच तुम्ही काठी पुढे आणता, टोक उलटे वळताना प्रचंड वेग घेते आणि फ्लाय तुटते. मान वळवून मागे बघा. लाइन सरळ झालेली डोळ्यांनी दिसली की मगच पुढे जा. लाइन जितकी लांब सोडली असेल, तितका हा थांबा वाढतो. सरावाने हे कळते, मोजून नाही.

लाइन गवतात अडकते ती मनगटामुळे. मनगट सैल पडून काठी मागे तीनवर जाते आणि लाइन जमिनीकडे फेकली जाते. सरावापुरती काठीची मूठ शर्टाच्या बाहीच्या कफमध्ये खोचा किंवा रबराने मनगटाला बांधा, म्हणजे मनगट मोडणार नाही. कोपर अंगापासून फार लांब नको.

लीडरच्या गाठींना वारा कारणीभूत आहे असे सांगितले जाते, पण बहुतेक वेळा जोर एकदम लावल्याने त्या पडतात. पुढे आणताना सुरुवातीलाच हिसका दिला की काठीचे टोक खाली दबते आणि लाइनचा वरचा भाग खालच्याला छेदून जातो. जोर सुरुवातीला कमी आणि शेवटी, थांबण्यापूर्वी, सर्वाधिक असला पाहिजे. गाठ पडलेली दिसली की ते टिपेट, म्हणजे लीडरचा शेवटचा बारीक तुकडा, कापून टाका. अशा साध्या गाठीने तंगुसाची ताकद जवळजवळ निम्मी होते.

सराव शाळेच्या मैदानावर करा, हुकाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून. ऊस तुटलेल्या रानात नको. खोडक्यांवर घासून लाइनचे आवरण फाटते. १० मीटरवर थाळी ठेवा आणि तिच्यात गोंडा पडू लागेपर्यंत अंतर वाढवू नका. आपल्या नद्यांवर फ्लायला लागणारे बहुतेक मासे यापेक्षा जवळच असतात.

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. कृष्णेच्या काठावर मागे उसाचा फड, बाभळी आणि घाणेरी असते, त्यामुळे मागे लाइन टाकायला जागाच नसते. तिथे रोल कास्ट शिका. लाइन समोर पाण्यावर पसरलेली असू द्या, काठी सावकाश मागे एकपर्यंत आणा आणि थांबा. लाइनचा झोल काठीच्या मागे लोंबू लागला की काठी पुढे दहावर नेऊन झटक्यात थांबवा. पाण्याने लाइन धरून ठेवलेली असते, त्या पकडीवरच काठी वाकते. म्हणून कोरड्या मैदानावर रोल कास्ट नीट जमत नाही. ती पाण्यावरच शिकावी.

कोयनेवर कधी आणि कुठे बसावे? परवानगी लागते का? — पाटण

आधी 'कुठे नाही' ते सांगतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या हद्दीत शिवसागर (कोयना धरण) आणि वसंतसागर (वारणा धरण) या जलाशयांच्या फुगवट्याचे पाणी येते. तिथे गळ टाकायचा विचारही करू नका. धरणे आणि तलावांमधली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. तिथे संस्थेची परवानगी घ्या. संस्था कोणती हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळते. मंदिरांच्या घाटांवर, माहुलीला असो की वाईला, लोक माशांना खाऊ घालतात. तिथले मासे सोडून द्यावेत.

आता 'कधी'. जून ते सप्टेंबर काठी घरी ठेवा. पाणी गढूळ असते हे एक कारण, पण खरे कारण चढणीचे मासे. पहिल्या पावसांत अंड्यांनी भरलेले मासे ओढ्या-नाल्यांत वर चढतात. त्यांना तेव्हा धरणे म्हणजे पुढच्या अनेक वर्षांचे मासे संपवणे. दिवाळीनंतर पाणी निवळते. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वोत्तम. उन्हाळ्यात फक्त सूर्योदयानंतरचे दोन तास बसा. दुपारी तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो आणि पकडून सोडलेला मासाही मरतो.

जागा निवडताना खळाळ जिथे डोहात उतरतो ते तोंड बघा. वेगवान पाणी किडे वाहून आणते आणि त्याच्या कडेला, संथ पाण्यात, मासा उभा असतो. फ्लाय वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर पडू द्या. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे बसवले की वरच्या बाजूला पाणी तुंबते आणि तळ गाळाचा होतो. खालच्या बाजूला कातळ, फेस आणि प्राणवायू असतो, म्हणून खाली बसा, पण बंधाऱ्याच्या भिंतीपासून दूर. नदीकाठी उंबर असेल तर त्याच्याखाली आवर्जून बघा. पिकलेली उंबरे पाण्यात पडतात आणि महसीर त्यांची वाट पाहत असतो. तांबूस लोकरीचा करंगळीच्या पेराएवढा गोळा हुकावर बांधला तरी चालतो. तो 'टप्प' असा आवाज करत पडला पाहिजे आणि पडल्यावर ओढायचा नाही.

कोयनेवर पाणी अचानक वाढते, हे गांभीर्याने घ्या. धरणाच्या पायथा वीजगृहातली दोन्ही जनित्रे चालू झाली की पात्रात २,१०० क्युसेकच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० हजार लिटर पाणी येते. शेतीचे आवर्तन सुटले तरी पातळी चढते. बसल्याबरोबर पाण्याच्या कडेचा एक दगड खूण म्हणून धरा. तो भिजला किंवा पाण्यात पाने-काटक्या वाहू लागल्या की सामान गोळा करून वर या. पात्रातल्या खडकावर, ज्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी आहे, तिथे कधीच उभे राहू नका.

पाण्यात उतरून मासेमारी करायला वेडर्स (छातीपर्यंत येणारी, पाणी न शिरणारी पँट) घ्यावेत का? — भिलवडी

तुमच्याकडे नको. भिलवडी, औदुंबर, आमणापूर आणि डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. काठापासून तीन-चार मीटर मागे उभे राहा, एकाच जागी फार वेळ थांबू नका, आणि मासा धुवायला किंवा सोडायला कडेला वाकताना आधी पाणी नीट न्याहाळा. संध्याकाळ झाली की थांबा. लांब दांड्याची जाळी घ्या, वेडर्सचे पैसे तिथे लावा.

फ्लाय घरी बांधता येईल का? परदेशी पिसे महाग आहेत. — वाई

येईल, आणि बांधावीच. पिसे मात्र कोंबड्याचीच वापरा, रानपक्ष्यांची नकोत. सुरुवात वूली बगर नावाच्या फ्लायने करा. चिलापीपासून महसीरापर्यंत सगळे मासे ती घेतात, आणि थोडी ओबडधोबड झाली तरी चालते.

लांब दांडीचा आठ नंबरचा हूक शिकंजात घट्ट बसवा. दांडीच्या मधल्या भागावर अर्धा मिमी जाडीची शिशाची तार दहा-बारा वेढे गुंडाळा. काळा दोरा हुकाच्या डोळ्यामागून सुरू करून वाकापर्यंत न्या. शेपटीसाठी कोंबडीच्या पिसाच्या बुडाशी असलेली मऊ लव घ्या. तिची लांबी दांडीएवढीच हवी. शेपूट लांब झाली तर मासा नुसते टोक धरतो आणि हुकाला लागत नाही. मग तिथेच कोंबड्याच्या मानेवरचे पीस टोकाकडून बांधा आणि शेजारी लोकरीचा एकेरी धागा बांधा. दोरा पुढे डोळ्याकडे न्या. आधी लोकर पुढे गुंडाळून बांधा, मग पीस मोकळ्या पाच-सहा वेढ्यांनी तिच्यावरून पुढे आणून बांधा. पिसाचे केस हुकाच्या तोंडाच्या दीडपट लांब असावेत. शेवटी दोऱ्याचे डोके करून गाठ मारा आणि त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडा.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे डोळ्यापर्यंत सगळे भरणे. मग डोके करायला जागा उरत नाही आणि तंगूस ओवता येत नाही. डोळ्यामागे दोन मिमी जागा पहिल्यापासून मोकळी ठेवा. दुसरी चूक सैल दोरा. दोरा तुटायच्या जरा अलीकडे राहील इतका ताण हवा, नाहीतर दोन मासे लागले की फ्लाय दांडीवर गोल फिरू लागते. पाणी गढूळ असेल तर काळी, नितळ असेल तर तपकिरी किंवा शेवाळी बांधा. टाकताना प्रवाहाला आडवी टाका, बुडू द्या, मग वीतभर ओढा, थांबा, पुन्हा ओढा. मासा बहुधा थांबण्याच्या क्षणी लागतो.

तलावातल्या मरळीला फ्लाय लागते, पण दर वेळी सुटते. — तासगाव

मरळ फ्लाय तोंडात घेते तेव्हा पाणी उसळलेले दिसते आणि हात आपोआप काठी वर उचलतो. तिथेच ती सुटते. उसळी दिसल्यावर क्षणभर थांबा, काठी पाण्याकडेच रोखलेली ठेवा आणि डाव्या हाताने लाइन जोरात ओढून हूक बसवा. तिचे दात बारीक तंगूस कापतात, म्हणून शेवटचा ३० सेंमी तुकडा ०.५० ते ०.६० मिमीचा घ्या. हुकाच्या टोकासमोर जाड नायलॉनची कमान बांधली तर फ्लाय पानवेलीत अडकत नाही. मरळ हवा घ्यायला पृष्ठभागावर येते. बुडबुडे दिसतील तिथून हातभर पुढे फ्लाय टाका. पावसाळ्यात पिलांचा लालसर पुंजका पृष्ठभागावर दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. त्यांना धरू नका. ते गेले की पुंजका लवकरच इतर माशांच्या पोटात जातो.

महसीर मिळाला तर काय करावे? — मेढा

सोडावा. हुकाची कुसळी आधीच पकडीने दाबून टाका, म्हणजे हूक सहज निघतो. मासा लवकर आत घ्या. बारीक तंगुसावर अर्धा तास खेळवत बसणे हा पराक्रम नव्हे, त्याने मासा थकून मरतो. हात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गिलांत बोटे घालू नका. फोटो काढायचा तर मासा पाण्यातच राहू द्या. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे धरा आणि शेपटीने तो स्वतः झटका देईपर्यंत आधार द्या. महसीराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात आणि फार ताकदीचे असतात. हूक खोल गेला असेल तर बोट आत घालू नका, तंगूस कापून टाका. चिलापीची गोष्ट वेगळी. ती १९५२ मध्ये देशात आणली गेली आणि स्थानिक माशांची जागा बळकावून बसली. ती खुशाल घरी न्या.

जाता जाता एक: डायनामाइट आणि विष घालून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यपालन कायद्यापासून गुन्हा आहे. कोणी करताना दिसला तर पोलिसांना कळवा.

या छंदावरची चांगली पुस्तके सुचवा. मराठीत काही आहे का? — सांगली आणि मिरजेहून तीन पत्रे

सुरुवात आपल्याच मुलखापासून करा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, त्यांना चारा घालून जागेवर आणणे, काठी आणि दोरी हे सगळे तिथे आहे. ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापलेला आहे आणि मोठ्या ग्रंथालयांत मिळतो. संस्कृत येणाऱ्या वाचकाने हे प्रकरण मराठीत आणले तर फार मोठे काम होईल.

इंग्रजीतले 'द कम्प्लीट अँग्लर' हे आयझॅक वॉल्टनचे पुस्तक १६५३ चे. सगळे ते आधी सुचवतात, पण फ्लाय शिकायला ते उघडू नका. वॉल्टनचा जीव आमिषाच्या मासेमारीत आणि नदीकाठच्या गप्पांत आहे. फ्लायचा खरा भाग चार्ल्स कॉटनने १६७६ च्या आवृत्तीला जोडला. तोच आधी वाचा.

भारतातल्या पाण्यासाठी दोन पुस्तके आजही कामाची आहेत. एच. एस. थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये मंगळूरहून निघाले. महसीर काय खातो आणि कुठे उभा राहतो हे त्यात बारकाईने दिले आहे. मॅकडॉनल्ड यांचे 'सर्कमव्हेंटिंग द महसीर' १९४८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढले. दोन्हींतली अवजारे जुनी झाली, पाण्याचे वाचन जुने झालेले नाही. त्यातले माशांचे आकडे आणि ढीग मात्र आजच्या नद्यांना लावू नका.

कास्टिंगची, म्हणजे लाइन फेकण्याची, लय समजून घ्यायची असेल तर नॉर्मन मॅक्लीनची 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' (१९७६) ही दीर्घकथा घ्या. त्यातले धर्मोपदेशक वडील मुलांना मेट्रोनोमच्या (ताल मोजणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर, चार मात्रांत, दहा आणि दोनच्या मध्ये काठी चालवायला शिकवतात. वर इस्लामपूरच्या वाचकांना जे सांगितले ते तिथे हाताला जाणवेल. जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'मध्ये (१९४४) वाघांच्या गोष्टींमध्येच महसीरावरचे एक प्रकरण आहे. ते चुकवू नका.

मराठीत हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद 'एका कोळियाने' आहे. तो समुद्राचा, हातातल्या दोरीचा, म्हणून फ्लायचे तंत्र त्यात नाही. पण लागलेल्या माशाचा ताण दोरीतून हाताला कसा कळतो, कधी दोरी सोडायची आणि कधी धरायची, हे मराठीत इतके नीट दुसरीकडे कुठे वाचायला मिळेल असे आम्हाला वाटत नाही.

लाइन चिकट होऊन बुडू लागली आहे. फेकून द्यावी का? — फलटण

नको. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, लाइन सैल वेटोळ्यांत अर्धा तास भिजवा, मऊ फडक्यातून ओढून पुसा आणि सावलीत वाळवा. त्यानंतरही बुडली तर आवरणाला भेगा आहेत का ते बोटांत वाकवून बघा. भेगा पुढच्या एक-दोन मीटरमध्येच असतील तर तेवढा तुकडा कापून टोकाला लीडर अडकवायचा नवा लूप (फास) करा. मधल्या भागात असतील तर मात्र नवी घ्यावी लागेल. लाइन मोटारीच्या काचेमागे उन्हात ठेवू नका आणि डास पळवणाऱ्या मलमाचा हात तिला लावू नका. दोन्हींनी आवरण खराब होते.